माड हे झाड आहे की नाही?

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात सकाळी आठच्या आत पोचलात, तर अर्थशास्त्राचा पहिला धडा फुकटात मिळतो. जमिनीवर गोणपाट अंथरून बसलेली एखादी बाई मयड्याची केळी विकत असते. भाव विचारलात की ती आधी तुमच्याकडे बघते. गावठी बोललात तर एक भाव, हिंदीत बोललात तर दुसरा, हातात कॅमेरा असेल तर तिसरा. बाराच्या सुमारास ऊन चढलं आणि केळी उरली, की तीच बाई तुम्हाला हाक मारून बोलावते. हा भाव कोणत्याही खात्याने ठरवलेला नाही. याला बाजार म्हणतात.

पण जरा वेळ तिथेच थांबा. थोड्या वेळाने पावतीपुस्तक घेऊन एक माणूस येतो आणि तिच्याकडून सोपो वसूल करतो. सोपो म्हणजे बाजारात बसण्याचा पालिकेचा कर, बहुतेक वेळा ठेकेदारामार्फत घेतला जाणारा. शेजारच्या मिरचीवाल्याच्या वजनांवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. संध्याकाळी सगळे उठून गेले की पडलेला कचरा पालिकेचे कामगार गोळा करतात. म्हणजे आपल्याला जो सगळ्यात मोकळाढाकळा वाटतो, त्या बाजाराखालीही सरकारची एक सतरंजी अंथरलेली असते. सतरंजी नको असं कोणी म्हणत नाही. सोपो मात्र प्रत्येकाला जास्त वाटतो.

‘सरकार विरुद्ध बाजार’ हा वाद टीव्हीवर ऐकला की वाटतं, एका बाजूला सगळं सरकारने करावं म्हणणारे आहेत आणि दुसऱ्या बाजूला सरकारने काहीच करू नये म्हणणारे. अशी टोकाची माणसं मला तरी गोव्यात भेटलेली नाहीत. भेटतात ती एका खिडकीवर मोकळा बाजार मागणारी आणि शेजारच्या खिडकीवर सरकारी संरक्षण मागणारी. मीही त्यातलाच. म्हणून हा विषय मोठमोठ्या वादांच्या नावांनी समजावण्यापेक्षा आपल्याच परसातून समजावतो.

आधी एक शब्द पक्का करून घेऊ. नियमन. सरकार स्वतः धंदा करतं तेव्हा ते नियमन नसतं. कदंबची बस ही सरकारची बस आहे, वीज खातं हे सरकारचं खातं आहे. धंदा दुसरा करतो आणि सरकार फक्त सांगतं की हे असं कर, ते तसं करू नकोस, अमुक कागद दाखव, तेव्हा ते नियमन. आणि कधी कधी सरकार स्वतःच्याच धंद्यावरही नियमन बसवतं. आपल्या विजेचा दर वीज खातं मनाने वाढवू शकत नाही. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी एक संयुक्त वीज नियामक आयोग आहे, त्याच्यापुढे जाऊन हिशेब मांडावा लागतो आणि आपण ग्राहकही तिथे हरकत घेऊ शकतो. किती जण घेतात हा भाग वेगळा.

आता नियमन लागतंच कशाला? गोंयकाराला हे पटवायला फार वेळ लागत नाही. जुलै 2018 आठवा. मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न आणि औषध प्रशासनाने तपासणी केली, मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली, मग प्रमाण धोक्याच्या मर्यादेत आहे असं सांगण्यात आलं, आणि त्या दोन विधानांच्या मध्ये अख्ख्या गोव्याच्या ताटातला बांगडा अडकला. ज्या घरात नुस्त्याविना जेवण म्हणजे उपास समजतात, त्या घरांत डाळ शिजू लागली. शेवटी सरकारने काही दिवस बाहेरची मासळीच राज्यात यायला बंदी केली आणि पुढे वाहतुकीच्या गाड्या कशा असाव्यात, नोंदणी कशी असावी, याचे नियम आले.

इथे बाजार का अडला ते बघा. मोकळ्या बाजाराचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: घेणाऱ्याला काय घेतोय ते कळतं. केळं काळं पडलं तर डोळ्यांना दिसतं. बांगडा ताजा की शिळा हे आमची आई त्याचा गलफडा उचलून सांगते. पण फॉर्मेलिन गलफड्यात दिसत नाही, उलट त्याने मासा जास्तच ताजा दिसतो. म्हणजे फसवणाऱ्याचा माल चांगला दिसणार आणि प्रामाणिक माणसाचा उतरलेला दिसणार. असा बाजार काही दिवसांत प्रामाणिक माणसालाच हाकलून लावतो. प्रयोगशाळा प्रत्येक गिऱ्हाईक घरी ठेवू शकत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एक ठेवायची. ती सरकारी असते.

दुसरं कारण खाणींनी शिकवलं. लोहखनिजाचा भाव जहाजावर चढताना ठरत होता. त्या भावात ट्रकवाल्याची मजुरी होती, डिझेल होतं, बार्जचं भाडं होतं. ज्या शेतकऱ्याच्या शेतात पावसाबरोबर लाल चिखल उतरला, त्याचं नुकसान त्यात नव्हतं. घेणारा खूश, विकणारा खूश, आणि बिल तिसऱ्याच्या दारात. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. 2014 च्या निकालात वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा आली आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीची कल्पना आली. 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं. आणि इथे एक गंमत आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. देशाच्या खाण कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन लिलाव सक्तीचा झाला होता. लिलाव म्हणजे शुद्ध बाजार: जो जास्त देईल त्याचा माल. आणि जुन्याच लीजधारकांना जुन्याच पद्धतीने लीज द्या, ही मागणी म्हणजे बाजार नको, ओळखीचं सरकार हवं, अशी मागणी. तरी बोलताना पहिल्याला सरकारी जाच म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला उद्योगाचं स्वातंत्र्य.

एवढं झालं नियमनाच्या बाजूने. आता माडाकडे येतो.

आमच्या परसात आजोबांनी लावलेला एक माड होता. 2014 च्या उन्हाळ्यात पाडेली नारळ पाडायला चढला आणि अर्ध्यातूनच उतरला. म्हणाला, शेंड्यात सोंड्या लागलाय, आत पोकळ झालाय, मी पुन्हा चढणार नाही. माड नेमका स्वयंपाकघराच्या कौलांवर झुकलेला. तोडायचं ठरलं. तेव्हा गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली माड हे झाड होतं. मूळ कायदा 1984 चा, माडाचा समावेश 2008 चा. झाड म्हटलं की परवानगी आली. परवानगी म्हटली की अर्ज, अर्जाबरोबर एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा कागद. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, त्याखाली त्यांचे दोन भाऊ, आणि त्या भावांचे वारस मुंबईपासून कुवेतपर्यंत पसरलेले. सगळ्यांची ना हरकत आणा, असं त्या कार्यालयात सांगितलं. अनामत रक्कम भरा, बदली झाड लावा. लावतो म्हटलं, आधी हा पडू द्या. साहेब पाहणीला येतील, असं तीन वेळा कळलं.

जुलैत एका रात्री माडच येऊन गेला. शेंडा स्वयंपाकघरावर, चुडतं पाणी तापवायच्या भाणावर, चौदा कौलं फुटली. माणसांपैकी कोणाला काही झालं नाही. दोन दिवसांनी पाहणीचा फोन आला.

तेव्हा मला विचारलं असतं तर मी कट्टर मोकळ्या बाजाराचा माणूस होतो. माझी जमीन, माझा माड, माझी कौलं, मध्ये तुम्ही कोण? आणि 2016 च्या सुरुवातीला विधानसभेने दुरुस्ती करून माडाला झाडांच्या यादीतून काढलं, तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या. माडाला फांद्या नसतात, वनस्पतिशास्त्रात तो गवताच्या जास्त जवळचा, असा युक्तिवाद होता. राज्यभर थट्टा झाली. गवताला नारळ लागतात, मग गवतच कापून घरात चटणी करा, अशा कोट्या ऐकल्या. मी हसलो नाही. माझ्या दृष्टीने सरकार पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलं होतं.

मग काही महिन्यांनी बाजूच्या गावातलं एक भाट, म्हणजे माडांची बाग, विकलं गेलं. तिथे मोठ्या आवाजाची करवत एक आठवडाभर चालली. रस्त्यावरून जाताना मी स्कूटर थांबवून बघितलं. ओळीने बुंधे आडवे, नुकते कापलेले, आतून फिकट, चुलीला लावायलाही कोणी नेलेले नाहीत. सोंड्या कुठे दिसला नाही. भरल्या फळांचे माड होते. त्याच दुरुस्तीने मला माझा एक माड मोकळा केला होता आणि त्या मालकाला त्याचं अख्खं भाट.

त्याच वर्षी गोवा फॉरवर्ड हा पक्ष निघाला आणि त्याने निवडणूक चिन्ह नारळ घेतलं. 2017 मध्ये तो पक्ष भाजपबरोबर सरकारात बसला आणि माड पुन्हा झाड झाला. आधी काढणाऱ्या सरकारातही भाजप होता, परत घालणाऱ्या सरकारातही भाजप होता. त्यात आश्चर्य वाटून घेण्याचं कारण नाही.

या सगळ्यात मला जे उमगलं ते असं. नियम जास्त हवे की कमी हवे, हा प्रश्नच धड नव्हता. नियम माझ्यासारख्याचा एक माड आणि भाट साफ करणाऱ्याचे पाचशे माड एकाच ओळीत मोजत होता. एक-दोन वाळलेल्या माडांना फक्त कळवणं पुरे, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं, आणि ओळीने भाट साफ करायचं असेल तर कडक परवानगी, असा नियम लिहायला कोणी अडवलं नव्हतं. पण असा नियम कोणाच्याच भाषणात बसत नाही. एकाला ‘लाल फीत कापली’ म्हणायचं असतं, दुसऱ्याला ‘माड वाचवला’.

शिवाय कडक नियमाचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. मोठ्या जमीनवाल्याकडे वकील असतो, अर्ज लिहिणारा असतो, फेऱ्या मारणारा पगारी माणूस असतो. तो नियमातून वाट काढतो. फेऱ्या मारून रजा संपते ती आपली. म्हणून ‘नियम गरिबासाठी असतात’ हे ऐकलं की मी आधी विचारतो, अर्ज कोण भरतो?

आता टॅक्सी. या विषयावर गोव्यात दोन मतं सांगणं म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाणं, तरी सांगतो.

आमच्या वाड्यावर एक टॅक्सीवाला आहे, मी त्याला दादा म्हणतो. वीस वर्षं किनाऱ्याकडच्या एका स्टँडवर गाडी लावतो. पर्यटक म्हणतात गोव्यातली टॅक्सी लुटते. दादाचा हिशेब वेगळा आहे. सीझन धरून चार-पाच महिने, त्यावर बारा महिन्यांचं घर, गाडीचा हप्ता, विमा, पासिंग. भाडं घेऊन विमानतळावर गेलं की परतीला बहुतेक रिकामं, कारण तिथून भाडं उचलायचा हक्क तिथल्या स्टँडवाल्यांचा. स्टँडवर नंबर लागतो. नंबर लागेपर्यंत दिवसाला एक किंवा दोन फेऱ्या. मग त्या दोन फेऱ्यांत सगळं वसूल करायचं.

हा हिशेब खोटा नाही. पण तो पुन्हा वाचा. परतीची फेरी रिकामी का? कारण स्टँडांनी आपसात हद्दी वाटून घेतल्यात. फेऱ्या दोनच का? कारण भाडं महाग म्हणून पर्यटक स्कूटर भाड्याने घेतो. म्हणजे महागाईचं कारण महागाईच. अर्थशास्त्रात याला फार जड शब्द आहेत, साध्या मराठीत ही वाटून घेतलेली पंगत आहे: बसलेल्यांना वाढा, नवीन पान मांडू नका. परवाना, स्टँड, हद्द ही सगळी नियमनाचीच रूपं, पण इथे नियमन गिऱ्हाइकाऐवजी आधीपासून धंद्यात असलेल्याची राखण करतं. आणि जे नियमन गिऱ्हाइकाच्या बाजूचं होतं, म्हणजे डिजिटल मीटर, ते बसवायला मात्र उच्च न्यायालयाला सरकारच्या मागे लागावं लागलं.

मग 2018 मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या करारातून गोवामाइल्स हे अ‍ॅप आलं. बघा, बाजार आणला तोही सरकारी महामंडळाने. टॅक्सीवाल्यांनी आंदोलनं केली. 2025 मध्ये अ‍ॅप कंपन्यांसाठी मार्गदर्शक नियमांचा मसुदा आला, पुन्हा आंदोलन झालं, सत्ताधारी बाजूचे आमदारसुद्धा टॅक्सीवाल्यांच्या बाजूने बोलले आणि सरकारने माघार घेतली. विरोधकांपैकी कोणी ‘मोकळा बाजार हवा’ म्हणून सरकारला धारेवर धरलं नाही. मतदारसंघात टॅक्सीवाला राहतो, पर्यटक राहत नाही.

दादाची अ‍ॅपविषयीची भीतीही निराधार नाही, हे सांगायला हवं. अ‍ॅप पहिली दोन-तीन वर्षं स्वस्तात फिरवतं, तोटा सोसतं, चालक आणि गिऱ्हाईक दोघांना सवय लावतं. मग चालकाकडून जास्त कमिशन घेतं आणि पावसात गिऱ्हाइकाकडून दुप्पट भाडं. त्या वेळी गिऱ्हाईक स्टँडवर परत जाऊ म्हणेल तर स्टँड उठून गेलेला असतो. म्हणजे एका पंगतीऐवजी दुसरी, फक्त यजमान बंगळुरूला किंवा आणखी लांब बसलेला. मोकळा बाजार आपोआप मोकळा राहत नाही. तो मोकळा ठेवायलाही कोणीतरी पहारेकरी लागतो, आणि देशात त्यासाठी स्पर्धा आयोग नेमावा लागला आहे.

आणि गोव्यातच याचं एक जुनं, बिनबोभाट चालणारं उदाहरण आहे, त्याकडे कोणी बघत नाही: पायलट. पिवळं मडगार्ड असलेली मोटरसायकल, परवानाधारक चालक, चौकात स्टँड. पणजी कदंब स्टँडवर उतरून आल्तिनोला जायचं तर पायलट केला की झालं. ना आंदोलन, ना अ‍ॅप.

पक्षांचं काय? गोव्यातल्या पहिल्या पक्षीय झगड्यात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हा प्रश्न मोठा होता, पण त्याखाली मालमत्तेच्या नियमांचा झगडाही होता. एका बाजूला मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, कुळांच्या आणि मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या) पाठबळावरचा. दुसरीकडे युनायटेड गोवन्स, ज्यात भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं, वजन होतं. 1975 चा मुंडकार कायदा, 1976 ची कूळ कायद्यातली दुरुस्ती, कसणाऱ्याला मालक मानणारी, या दोन्ही गोष्टी मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांच्या काळातल्या. भाटकाराच्या दृष्टीने हा मालमत्तेवर घाला. मुंडकाराच्या दृष्टीने, पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात राहिलो तिथून ‘ऊठ’ म्हणणारा आवाज बंद झाला. आणि मगोचे सर्वेसर्वा भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. पुस्तकातल्या डाव्या-उजव्याच्या कप्प्यांत भाऊंना बसवायचा प्रयत्न करून बघा.

पुढचं बघा. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला, लिटरमागे सुमारे 11 रुपये उतरले. कर कमी करा, ही उजव्या अर्थकारणाची मागणी. त्याच सरकारने गृहआधार योजना सुरू केली, गृहिणीला महिना 1000 रुपये. सरकारने घरखर्चाला हात द्यावा, ही डाव्यांची. दोन्हींवर टाळ्या वाजल्या, बहुतेक एकाच हातांच्या. कॅसिनोंचं तसंच. 1976 च्या जुगार कायद्यात 1990 च्या दशकात दुरुस्त्या होऊन दार उघडलं, काँग्रेसच्या काळात मांडवीत जहाजं उभी राहिली, तेव्हा भाजप विरोधात होता. सत्तेत आल्यावर मुदतवाढी देत राहिला, आणि जीएसटी कौन्सिलमध्ये गोव्याने कॅसिनोंवर पूर्ण रकमेवर कर नको म्हणून बाजूही मांडली.

दिल्लीतही हेच. किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणूक 2012 मध्ये काँग्रेसच्या सरकारने आणली आणि व्यापारस्नेही म्हणवणाऱ्या भाजपने तिला विरोध केला. जीएसटीला गुजरात-मध्य प्रदेशच्या भाजप सरकारांचा विरोध होता, तोच जीएसटी 1 जुलै 2017 रोजी भाजपने लागू केला. आणि हा काही आपलाच वाण नाही. अमेरिकेत रिपब्लिकन म्हणजे कमी सरकार असं धरून चालतात. तिथे पर्यावरण संरक्षण संस्था 1970 मध्ये स्थापन झाली ती रिपब्लिकन निक्सन यांच्या काळात, आणि 1971 मध्ये देशभरचे भाव आणि पगार 90 दिवस गोठवले तेही निक्सन यांनीच. विमान कंपन्यांवरचे निर्बंध 1978 मध्ये उठवले, ते डेमोक्रॅट कार्टर यांनी. रेगन यांचं ‘सरकार हीच समस्या’ हे वाक्य त्यानंतर, 1981 मध्ये.

मग भाषण ऐकताना मी काय करतो? पक्षाचं नाव बाजूला ठेवतो आणि बघतो, या नियमाने जोखीम कोणाच्या खांद्यावरून उतरून कोणाच्या खांद्यावर गेली. फॉर्मेलिनच्या वेळी ती खाणाऱ्यावर होती, तपासणीने विकणाऱ्यावर गेली. मुंडकार कायद्याने ती मुंडकाराच्या घरावरून भाटकाराच्या उताऱ्यावर गेली. टॅक्सीत ती पर्यटकावर आहे आणि दादा ती आपल्याकडे येऊ देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिली नसती.

परवा दादा ओसरीवर चहाला आला होता. अ‍ॅपवाल्यांना गोव्यात पाऊल ठेवू देणार नाही, हे त्याने तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितलं. मध्येच त्याचा फोन वाजला. मुलगी पुण्याला नोकरीला असते, रात्रीची शिफ्ट. तो एकदम सावरून बसला. ‘‘गाडी मागवलीस ना? अ‍ॅपवरनंच मागव हां. रस्त्यावर कोणाला हात करू नकोस. आणि ते लोकेशन का काय ते, ते मला पाठव.’’

फोन ठेवून त्याने बशीत चहा ओतला. मी काही बोललो नाही. त्यानेच थोड्या वेळाने मान वर केली. ‘‘पुण्याची गोष्ट वेगळी,’’ म्हणाला.